हाताला हात भिडतो तेव्हाची तयारी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र छापून आलं होतं. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी जे झालं ते ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी झालं, मग लष्करात अजून संगीन खुपसायला आणि माणसाला माणसाने लोळवायला शिकवण्यात रंगरुटांचे तास का घालवतात, असा त्यांचा सवाल होता. तोच वेळ संगणक आणि ड्रोन शिकवण्यात घालवा, असं त्यांनी सुचवलं होतं. पत्र तळमळीने लिहिलेलं होतं. लष्करावर होणारा खर्च आपल्या सगळ्यांच्या खिशातून होतो, त्यामुळे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. मी उत्तर लिहायला बसलो कारण माझ्या नोकरीतली जवळजवळ बारा वर्षं मी हेच शिकवत होतो.

मी १९८४ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात भरती झालो आणि २००८ साली हवालदार म्हणून पेन्शन आलो. मधे पुण्याला लष्कराच्या शारीरिक प्रशिक्षणाच्या संस्थेत पीटीचा कोर्स केला, तेव्हापासून पोरं मला उस्ताद म्हणायला लागली. गावात अजूनही काही जण तसंच हाक मारतात.

बेळगावला आम्हाला अनआर्म्ड कॉम्बॅट, म्हणजे हत्याराशिवाय हाताने लढणं, शिकवायला जे उस्ताद होते ते राधानगरी तालुक्यातले. पल्टनीत या विषयाला सगळे यूएसी म्हणतात. पहिले पंधरा दिवस त्यांनी आम्हाला एकही डाव दाखवला नाही. लाकडाच्या भुशाचा खड्डा होता, त्यात आम्हाला नुसतं पडायला लावायचे. मागे पड, कुशीवर पड, कोलांटी घेऊन पड. हनुवटी छातीला लाव, हात सपाट आपट, श्वास सोड. ऑगस्ट महिना, बेळगावचा पाऊस, भुसा भिजून लगदा झालेला, कानात-नाकात जायचा. आम्ही आपसात कुरकुरायचो की इथे शत्रूला पाडायला आलोय की स्वतः पडायला? पुढे एकदा बर्फात नाल्याच्या कडेवरून मी पाठीवरच्या पिठ्ठूसकट दोन पुरुष खाली गेलो. हनुवटी आपोआप छातीला लागली, हात आपोआप आपटला. डोकं शाबूत राहिलं. त्या दिवशी मला राधानगरीच्या उस्तादांची आठवण झाली.

मग सोळाव्या की सतराव्या दिवशी त्यांनी आम्हाला जोड्या लावून समोरासमोर उभं केलं आणि हातात बॉक्सिंगचे ग्लोव्ह दिले. आम्ही सगळी शेतकऱ्यांची पोरं, नांगर धरलेले, पोती उचललेली. अंगात ताकद होती. पण खरी बुक्की आमच्यातल्या निम्म्यांनी जन्मात खाल्ली नव्हती. नाकावर बुक्की बसली की डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. ते रडणं नव्हे, ती शरीराची रीत आहे. पण ज्याला ते माहीत नसतं त्याला वाटतं की आपण रडतोय, आणि तो तिथेच हरतो. पहिला मार बसल्यावर नवखा माणूस डोळे मिटतो, श्वास कोंडून धरतो आणि मागे सरतो. हे कुणी शिकवलेलं नसतं, आपण जन्माला येतानाच घेऊन येतो. शिकवून ते काढावं लागतं, आणि पुस्तक वाचून किंवा पडद्यावर बघून ते निघत नाही. दुसऱ्या माणसाने तुम्हाला खरोखर मारावं लागतं, पुन्हा पुन्हा, महिनोन्महिने.

हे इतकं लांबवून सांगतोय, कारण यूएसी म्हटलं की लोकांना वाटतं माणूस मारायच्या युक्त्या. युक्त्या असतात, पण त्या नंतरच्या. आधी अंगाला अंग भिडल्यावर डोकं जागेवर ठेवायला शिकवतात.

आता हाताने लढायची वेळ खरंच येते का? रायगड जिल्ह्यात माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्यांनी पाच मिनिटं गाडी थांबवून ते बघावं. घाडगे याच माणगाव तालुक्यातले, आमच्याच रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन चालली. सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले, उभे राहिले ते एकटे घाडगे. ते सरळ त्या मशीनगनवर धावून गेले. आधी ग्रेनेड टाकला, गन बंद पाडली. मग हातातल्या टॉमीगनने एकाला मारलं. तेवढ्यात मॅगझीन रिकामं झालं आणि दोघे अजून जिवंत होते. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना जागेवर संपवलं. पुढे थोड्याच वेळात शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं, आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांचा जीव गेला. वय अवघं २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हा प्रसंग मी शेकडो रंगरुटांना सांगितला असेल. सांगताना मी नेहमी त्या मॅगझीनपाशी थांबायचो. कितीही सराव असला तरी रिकामं मॅगझीन काढून भरलेलं बसवायला दोन-तीन सेकंद जातात. समोरचा दोन हातांवर असेल तर ते दोन-तीन सेकंद तुमचे नसतात. तेव्हा जो माणूस हातातल्या लोखंडाकडे बघत राहतो तो गेला. घाडगे यांच्या हाताला त्या क्षणी ठाऊक होतं की गोळ्या संपल्या तरी बंदूक हे चार-पाच किलोचं हत्यार उरतंच. आणि गोळ्या झाडून झाल्यावर नळी किती तापलेली असते हे ज्याने धरून पाहिलंय त्यालाच कळेल. तो विचार करायचा क्षण नसतो. आधी हजार वेळा केलेलं असेल तेच त्या क्षणी होतं.

वाचक म्हणतील, ही १९४४ची गोष्ट. मग १५ जून २०२०ची सांगतो. पूर्व लडाखमध्ये गलवान खोऱ्यात, पेट्रोलिंग पॉइंट १४च्या जवळ, सुमारे १४,००० फुटांवर, रात्रीच्या काळोखात आपले जवान आणि चिनी सैनिक भिडले. दोन्ही देश अण्वस्त्रधारी, दोघांकडे उपग्रह, दोघांकडे क्षेपणास्त्रं. आणि लढाई झाली ती दगडांनी, खिळे ठोकलेल्या दांड्यांनी, लोखंडी गजांनी आणि हातांनी. १६ बिहारचे कमांडिंग ऑफिसर कर्नल संतोष बाबू यांच्यासह आपले २० जवान गेले. चीनने त्यांचे चार सैनिक मेल्याचं कबूल करायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. तिथे आपल्या जवानांकडे बंदुका नव्हत्या असं तेव्हा बरेच लोक म्हणत होते. ते खरं नव्हतं. परराष्ट्रमंत्र्यांनीच खुलासा केला की सीमेवरच्या तुकड्यांजवळ हत्यारं होती, पण १९९६ आणि २००५च्या करारांनुसार समोरासमोरच्या झटापटीत ती वापरायची नाहीत असा दोन्ही बाजूंचा जुना रिवाज होता. १९९६च्या करारात प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही असं लिहिलेलंच आहे.

म्हणजे ज्या सीमेवर जगातली दोन सगळ्यांत मोठी सैन्यं एकमेकांसमोर उभी आहेत, तिथे हाताची लढाई ही अपघाताने आलेली नाही, ती कागदावर सही करून ठरवलेल्या व्यवस्थेतून आलेली आहे. बंदूक चालवायची नाही हे दोघांनी ठरवलं, पण जमीन सोडायची हे कुणीच ठरवलं नाही. मधे जे उरतं ते ढकलाढकली, दगड आणि दांडे. गलवाननंतरही हे थांबलं नाही. ९ डिसेंबर २०२२ रोजी अरुणाचलात तवांग भागात यांगत्सेला पुन्हा झटापट झाली. दोन्हीकडचे काही जवान जखमी झाले, पण आपलं कुणी दगावलं नाही, असं संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये देपसांग आणि डेमचोकच्या गस्तीबद्दल समझोता झाला ही चांगली गोष्ट आहे. मी त्याचं मनापासून स्वागत करतो. पण गस्त घालायला तिथे माणूसच जाणार, आणि समोरूनही माणूसच येणार.

गलवानची आणखी एक गोष्ट पत्रलेखकाने ध्यानात घ्यावी अशी आहे. त्या रात्रीच्या शौर्यासाठी ज्यांना वीर चक्र मिळालं त्यांत ३ मीडियम रेजिमेंटचे हवालदार तेजिंदर सिंग आहेत. ती तोफखान्याची रेजिमेंट. नाईक दीपक सिंग हे मेडिकलचे, जखमींना मलमपट्टी करणारे. तीसच्या वर जखमींवर त्यांनी उपचार केले आणि स्वतः त्यातच गेले. तोफखान्याचा जवान काही किलोमीटर मागून गोळे टाकायला शिकलेला, मेडिकलचा जवान सलाइन लावायला शिकलेला. वेळ आली तेव्हा तेही त्या घोळक्यात होते. म्हणून माझं म्हणणं पत्रलेखकाच्या नेमकं उलट आहे. यूएसी कमी करू नका. पायदळाच्या घातक प्लाटूनपुरतं, म्हणजे निवडक हल्लेखोर तुकडीपुरतं, ते राखूनही ठेवू नका. सिग्नलच्या, तोफखान्याच्या, मेडिकलच्या, गाडी चालवणाऱ्याच्या, आणि हो, ड्रोन उडवणाऱ्याच्याही अंगात ते मुरवा. ड्रोन उडवणारा जवानही रात्री कुठल्या तरी चौकीवरच झोपणार आहे.

उंचीवरच्या झटापटीबद्दल दोन शब्द लिहितो, कारण हे सहसा कुणी लिहीत नाही. चौदा हजार फुटांवर साधी बुटाची लेस बांधली तरी धाप लागते. अंगावर जाड कोट, त्याखाली आणखी तीन थर, पायात बर्फाचे बूट, हातात मोजे. पायाखाली सुटे गोटे नाहीतर बर्फ. अशा ठिकाणी सिनेमातल्यासारखी उडी मारून लाथ घालायला जाल तर स्वतःच खाली नदीत जाल. तिथे लाथ नाही चालत, बुक्कीही कोटात मुरून जाते. तिथे चालतो तो तोल. चालते ती पकड. समोरच्याला कोटाच्या कॉलरला धरून त्याचाच जोर त्याच्यावर उलटवणं, आपला पाय रोवून ठेवणं, शेजाऱ्याच्या पट्ट्यात हात अडकवून रांग न तुटू देणं. आपल्याकडे कुस्तीत पट काढतात, ढाक मारतात, त्या डावांना तिथे किंमत आहे. आणि सगळ्यांत जास्त किंमत आहे दमाची. तालमीत पाच मिनिटांची लढत वेगळी, आणि रात्रभर थांबून थांबून पुन्हा पुन्हा अंगावर येणारा जमाव वेगळा. हे शिकवायचं असेल तर थकलेल्या पोराला, रात्री, पूर्ण सामानासह, दोघांविरुद्ध पाच असं उभं करून शिकवावं लागतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझ्या नोकरीच्या मधल्या काळात एका ठिकाणी मोठे साहेब पाहणीला येणार होते आणि त्यांना यूएसीचं प्रात्यक्षिक दाखवायचं ठरलं. वेळ थोडा होता. मी पोरांना पडायला नीट शिकवल्याशिवाय उंच फेकीचे डाव बसवले, कारण ते दिसायला छान दिसतात. तालमीच्या शेवटच्या दिवशी एका पोराच्या गळ्याचं हाड मोडलं. एकोणीस वर्षांचा पोरगा. हॉस्पिटलात त्याच्या खाटेशी बसलो होतो तेव्हा तो मलाच धीर देत होता, म्हणाला, उस्ताद, माझंच चुकलं, हात आपटायचा राहिला. त्याचं चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. त्यानंतर मी प्रात्यक्षिकासाठी कधी शिकवलं नाही. डोक्याने कौलं फोडणं, पोटावर फरशी ठेवून घण मारणं, जळत्या कड्यातून उडी, हे पाहून लोक टाळ्या वाजवतात आणि मुलं भरती व्हायला प्रवृत्त होतात. त्याला माझा विरोध नाही. पण कौल उलटा मारत नाही. शिक्षण ते, ज्यात समोरचा माणूस खरोखर तुम्हाला पाडायचा प्रयत्न करतो.

अमेरिकेचं उदाहरण पत्रात होतं. तिथल्या लष्कराने २०१० साली नव्या रंगरुटांना संगिनीचा हल्ला शिकवणं थांबवलं, हे बरोबर आहे. पण त्याच लष्कराने झोंबाझोंबी शिकवणं थांबवलं नाही, उलट ब्राझीलच्या जिउ-जित्सूवरून बेतलेली जमिनीवरची कुस्ती आपल्या सगळ्या सैनिकांसाठी घेतली. आणि ब्रिटिशांच्या स्कॉटिश पल्टनीने मे २००४ मध्ये इराकमध्ये, अल अमारा भागात, वाटेत दबा धरून बसलेल्यांवर संगिनी लावून चाल केलीच होती. संगीन हवी की नको यावर मी हट्ट धरणार नाही. आम्ही ७.६२ एसएलआर रायफलवर संगीन शिकलो, पेंढ्याच्या पुतळ्यावर ‘घोंप’ म्हटलं की घुसवायची, ‘निकाल’ म्हटलं की काढायची, गळा फाटेस्तोवर ओरडत. ती रायफल लांब होती, आताच्या आखूड झाल्या. हत्यारं बदलतात, त्याप्रमाणे शिकवणं बदलावं. आपल्याकडेही बदलतंय. इंडो-तिबेट सीमा पोलिसांनी गलवाननंतर हरियाणात भानूच्या केंद्रात ज्यूदो, कराटे आणि इस्रायलची क्राव मगा यांतून निवडून नवा अभ्यासक्रम बसवला, लष्करानेही आर्मी मार्शल आर्ट्स रूटीन म्हणजे ‘अमर’ नावाची पद्धत आणली. हे पाहून माझ्यासारख्या जुन्या उस्तादाला बरं वाटतं.

पण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

१९९०च्या दशकात आम्ही काश्मीरमध्ये कुपवाडा भागात होतो. जानेवारीची रात्र. सहा जणांचा नाका लावून आम्ही एका अक्रोडाच्या बागेच्या कडेला बसलो होतो. त्या वाटेने दोघे-तिघे येणार अशी खबर होती. पहाटे तीन-साडेतीनला एक माणूस आला. अंगात फेरन म्हणजे काश्मिरी घोळदार झगा, दोन्ही हात आत. पोटापाशी काहीतरी धरलेलं स्पष्ट दिसत होतं, आणि फेरनच्या आत बंदूक अशीच धरतात. मी थांब म्हणून आवाज दिला. तो थांबला नाही. दुसऱ्यांदा दिला. तो तसाच आमच्याकडे चालत राहिला. नियमाप्रमाणे आता गोळी चालवायला मुभा होती. माझ्या उजव्या हाताला पन्हाळा तालुक्यातला एक लान्स नाईक होता, गावाकडे जत्रेत कुस्त्या केलेला. मी तिसरा आवाज द्यायच्या आत तो उठला, चार पावलांत त्या माणसापर्यंत पोचला, मागून दोन्ही दंड आवळले आणि त्याला तोंडघशी खाली घेतलं. धूर निघाला. केस जळल्याचा वास आला.

ती कांगडी होती. विणलेल्या टोपलीतलं मातीचं भांडं, त्यात निखारे, काश्मिरात थंडीत सगळे पोटाशी धरतात. माणूस साठीचा. जन्मापासून ठार बहिरा. सून अडली होती म्हणून शेजारच्या गावातून दाईला आणायला निघाला होता. हे सगळं आम्हाला सकाळी गावातल्या लोकांनी सांगितलं. त्या क्षणी आम्ही फक्त एवढंच पाहिलं की तो थरथरत होता आणि आमच्या लान्स नाईकाच्या मनगटाची कातडी निखाऱ्याने सोलून निघाली होती. मी त्याला नंतर विचारलं, गोळी का नाही घातलीस? त्याच्याकडे बंदूक असती तर तू मेला असतास. तो म्हणाला, “उस्ताद, तो हाताच्या टप्प्यात हुता. म्हनलं आधी हात लावून बघू.”

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. त्या जागी शहाणपणाच्या दृष्टीने त्याने चूक केली असं कुणी म्हणेल, आणि मी वाद घालणार नाही. आत कांगडीऐवजी बंदूक असती तर मी आज वेगळं पत्र लिहीत असतो. पण नाक्यावर आम्ही सहा जण होतो. पाच जणांचं बोट ट्रिगरवर होतं. ज्याच्या हातांत भरवसा होता तो एकटा बोट काढून उठला. ज्या जवानाला दुसऱ्या माणसाच्या अंगाला हात घालायची भीती वाटते, त्याच्याजवळ गोळी सोडून दुसरा मार्गच उरत नाही. मग तो घाबरून गोळी घालतो, आणि सकाळी गावात एक प्रेत असतं, त्या गावातली दहा पोरं डोंगरात जातात. हाताने लढायला शिकवलेल्या जवानाजवळ ‘थांब’ म्हणून ओरडणं आणि जीव घेणं यांच्या मधे आणखी चार पायऱ्या असतात. पकडता येतं, पाडता येतं, हत्यार हिसकावता येतं, दाबून धरता येतं. पत्रलेखकाला हे शिक्षण क्रूर आणि जुनाट वाटतं. मी ते शिकलेल्या माणसाला एका बहिऱ्या म्हाताऱ्याचा जीव वाचवताना पाहिलं आहे. ड्रोनला वरून ती कांगडी बंदुकीसारखीच दिसली असती.

आता आमच्याकडच्या पोरांविषयी. माझं गाव कोरेगाव तालुक्यात. सातारा जिल्ह्यात घराघरांत लष्कराची नोकरी आहे, हे मी सांगायला नको. पहाटे साडेचारला आमच्या डांबरी रस्त्यावर तीस-चाळीस मुलं पळत असतात. त्यांना मी रोज बघतो, माझ्या डोळ्यांत पाणी येतं. भरतीला १६०० मीटर पळायचं असतं, साडेपाच मिनिटांत पळाला तर पूर्ण गुण. दहा बीम (पुल-अप) काढायचे, नऊ फुटांचा खड्डा, झिगझॅगवर तोल. म्हणून सगळ्या अकॅडम्यांमध्ये हेच करून घेतात, आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणत नाही, परीक्षेत जे विचारतात तेच क्लासवाला शिकवणार. पण ही मुलं एकेकटी पळतात, एकेकटी बीम काढतात. कुणाच्या अंगाला अंग लागत नाही. आमच्या लहानपणी शाळा सुटली की हुतूतू आणि संध्याकाळी तालीम, गुडघे सोललेले, कान सुजलेले. मागच्या वर्षी मी दोन मुलांना, दोघेही पळण्यात पहिले, समोरासमोर उभं करून एकमेकांचे खांदे धरायला सांगितलं. दोघेही लाजून हसायला लागले. खांदा कसा धरायचा हेच त्यांना माहीत नव्हतं. गुणी पोरं आहेत, दोष त्यांचा नाही.

त्यात अग्निपथ आल्यापासून प्रशिक्षणाचा काळ पूर्वीपेक्षा आखूड झाला आहे. आम्हाला बेळगावला जे मुरायला मिळालं तेवढा वेळ आता उस्तादांच्या हातात नाही. चार वर्षांनी पंचवीस टक्के राहणार, बाकीचे परत येणार. मी त्या योजनेच्या वादात पडत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. पण वेळ थोडा असेल तर पोरगं येतानाच थोडं तयार होऊन यायला हवं. पंधराव्या वर्षी मातीत पडलेला पोरगा भुशाच्या खड्ड्यात पंधरा दिवस घालवत नाही, दोन दिवसांत पुढे सरकतो. बेळगावच्या केंद्रात लहान मुलांची स्पोर्ट्स कंपनी आहे, तिथे कुस्ती शिकवतात, पण ती मोजक्या मुलांसाठी. हेल्सिंकीला १९५२ साली स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव आमच्या जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे. त्या जिल्ह्यात आज किती गावांतल्या तालमी उघड्या आहेत, हे वाचकांनी आपापल्या गावात जाऊन बघावं.

आमच्या गावची तालीम अकरा वर्षं बंद होती. मारुतीच्या देवळामागे दगडी बांधकाम, वर पत्रा. आत खताची पोती, निवडणुकीचे फलक आणि मोडका पाण्याचा टँकर. मी ग्रामपंचायतीत चार वेळा अर्ज दिला. पाचव्यांदा गावातले आम्ही सात माजी सैनिक एकत्र गेलो. मग दिवाळीनंतर किल्ली मिळाली. पोती हलवायला दोन दिवस गेले. जुनी माती दगडासारखी झाली होती, ती फोडून बाहेर काढली आणि नदीकडची दोन ट्रॉली तांबडी माती टाकली. बायामाणसांनी ती चाळून दिली, त्यांचे मी इथे आभार मानतो. माझ्या धाकट्या सुनेने विचारलं, “मामंजी, मुलींना यायचं असेल तर?” मी म्हटलं, यायलाच पाहिजे. आता मुलीही लष्करी पोलिसांत भरती होतात. त्यांच्यासाठी सकाळची वेगळी वेळ ठेवली आहे.

मातीत घालायला हळद आणि तेल गावातल्या दुकानदाराने दिलं, लिंबं शेतातली आहेत. ताक प्रत्येक घरातून एक तांब्या येतंय. परवा संध्याकाळपर्यंत सतरा तांबे झाले होते. ते मुरायला आठ दिवस लागतील, मग पहिले पंधरा दिवस फक्त पडायला शिकवणार आहे.

आपला,
एक निवृत्त हवालदार,
मराठा लाइट इन्फंट्री
(ता. कोरेगाव, जि. सातारा)